मरीन ड्राइव्ह : प्रचलित वृत्तांताचें परीक्षण

१

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील मरीन ड्राइव्ह या राजमार्गाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे त्याचा ढीग मोठा आहे. पण त्यांतून इतिहास म्हणून ग्राह्य धरतां येईल तेवढाच भाग निवडूं गेल्यास तो ओंजळभर निघतो. वृत्तपत्रांचे विशेषांक, प्रवाशांसाठीं काढलेल्या पुस्तिका, छायाचित्रांचे संग्रह व गौरवपर लेख या सर्वांत एकच वृत्तांत थोड्याफार पाठभेदानें फिरत आला आहे. तो असा : इंग्रज राज्यकर्त्यांनीं मुंबईस समुद्रतीरीं एक अर्धचंद्राकार मार्ग बांधून दिला, रात्रीं त्यावरील दिव्यांची ओळ मलबार टेकडीवरून रत्नहारासारखी दिसते, म्हणून त्यास ‘राणीचा कंठहार’ म्हणतात, आणि त्याच्या कडेच्या इमारती एका जगप्रसिद्ध वास्तुशैलीचा उत्तम नमुना आहेत. या तीन विधानांवर बहुतेक लेखक समाधान मानतात. त्या मार्गाच्या सौंदर्याविषयीं वाद घालण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. सौंदर्य डोळ्यांस दिसतें, त्यास साक्षीपुरावा नको. वृत्तांतास मात्र प्रमाण लागतें. आणि हा वृत्तांत प्रमाणाच्या कसास लावला असतां त्याचा आरंभ चुकीचा, मध्य गाळलेला व शेवट अपुरा ठरतो, असें आमचें मत आहे.

‘हा विषय संशोधकांचा नव्हे’ अशी शंका आमच्या कित्येक वाचकांच्या मनांत येईल, म्हणून तिचा विचार आरंभींच केलेला बरा. सन १८१७ मध्यें शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलें; त्यापुढचा कागद तो साधन नव्हे, रद्दी होय, अशी समजूत संग्राहकांत अद्याप रूढ आहे. मोडीचा एखादा फाटका रुमाल कोणाच्या माळ्यावर आहे असें कळतांच जो गृहस्थ दहा कोस चालत जाईल, तोच गृहस्थ शंभर वर्षांपूर्वींची भाड्याची पावती केरांत टाकतांना क्षणभरहि थांबत नाहीं. या समजुतीची किंमत काय पडते, तें मरीन ड्राइव्हच्या उदाहरणावरून स्पष्ट दाखवितां येतें. म्हणूनच हा विषय मुद्दाम निवडला आहे.

२

पाठशोधनाचा पहिला नियम असा कीं, कोणता साक्षी कोणत्या काळचा हें आधीं ठरवावें, मग त्याचें म्हणणें ऐकावें. प्रचलित लेखकांनीं हा नियम पाळलेला दिसत नाहीं. जुन्या मुंबईचा विषय निघाला कीं तीं ठराविक चार-पांच नांवें घ्यावयाचीं, व त्यांच्या आधारानें हव्या त्या काळाचें चित्र रंगवावयाचें, असा परिपाठ पडला आहे. तेव्हां तीं साधनें कालक्रमानें मांडून पाहूं.

गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ सन १८६३ मध्यें प्रसिद्ध झालें. बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ सन १८८९ चा. इंग्रजी ग्रंथांपैकीं एडवर्ड्स याचें ‘राइझ ऑफ बॉम्बे’ सन १९०२ मध्यें निघालें. मुंबई शहर व बेट यांचें तीन खंडांचें गॅझेटियर १९०९–१० च्या सुमारास पुरें झालें. आणि शेपर्ड याचा मुंबईंतील स्थलनामांचा व रस्त्यांच्या नांवांचा कोश सन १९१७ चा आहे. ज्या भरावावर आजचा मरीन ड्राइव्ह मुख्यतः उभा आहे त्याचें काम सन १९२० मध्यें सुरू झालें. म्हणजे वरील पांचहि साक्षी त्या मार्गाच्या जन्मापूर्वींचे आहेत. ते समुद्राविषयीं बोलतील, वाळूविषयीं बोलतील, गिरगांव-वाळकेश्वराविषयीं बोलतील. या मार्गाविषयीं त्यांस बोलावयास लावणें म्हणजे मूळ ग्रंथांत प्रक्षेप करणेंच होय.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूहि आहे व ती अधिक महत्त्वाची आहे. हे साक्षी मार्गाविषयीं मुके असले, तरी मार्गाखालीं काय बुजलें याविषयीं त्यांच्याइतके बोलके दुसरे कोणी नाहींत. विशेषतः पहिले दोन मराठी ग्रंथ. माडगांवकरांचा ग्रंथ मुंबईंत कापसाच्या पैशाचा पूर चढत असतां छापला गेला, आणि सन १८६५ मध्यें, म्हणजे तो पूर ओसरला त्याच वर्षीं, ग्रंथकार निवर्तले. आचार्य व शिंगणे यांनीं त्यानंतर सुमारें पाव शतकानें लिहिलें. एक ग्रंथ आपत्तीच्या अलीकडचा व दुसरा पलीकडचा. एकाच किनाऱ्याचीं अशीं दोन मराठी वर्णनें, मध्यें एवढी उलथापालथ होऊन गेलेली, हातीं असणें हें संशोधकाचें भाग्य होय. पहिल्याची न. र. फाटक यांनीं संपादिलेली आवृत्ति सन १९६१ मध्यें निघाली, तेव्हां ग्रंथ दुर्मिळ असल्याची सबबहि उरली नाहीं. असें असून मरीन ड्राइव्हवर लिहिणारे बहुतेक लोक या दोहोंचा उपयोग करतात तो प्रस्तावनेंतील शोभेपुरता. दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवून, किनाऱ्याचें कोणतें स्थळ पहिल्यांत आहे व दुसऱ्यांत नाहीं, असा तौलनिक तक्ता करण्याचें काम कोणा तरुण अभ्यासकानें अंगावर घ्यावें.

३

आतां नांवांकडे वळूं. नांव हें कधीं कधीं ताम्रपटाहून टिकाऊ साधन असतें. मात्र तें वाचतांना सावध राहिलें पाहिजे.

मार्गाच्या उत्तर टोकास चौपाटी. ‘चौ’ म्हणजे चार व ‘पाट’ म्हणजे पाण्याचा प्रवाह, अशी तिची फोड इंग्रज गॅझेटियरकारांनीं केली, आणि तुलनेसाठीं उत्तर कोंकणांतील सातपाटी या गांवाचें नांव पुढें केलें. ही व्युत्पत्ति आम्हांस ग्राह्य वाटते. कारण तिच्यांत ओढाताण नाहीं, दोन्ही अवयव लोकभाषेंतले आहेत, व समुद्राचें पाणी एके काळीं फांट्या-फांट्यांनीं बेटाच्या आंत शिरत होतें या सर्वमान्य गोष्टीशीं ती जुळते. प्रत्येक ग्रामनामामागें संस्कृत शब्द उभा करण्याचा मोह संस्कृत शिकलेल्या माणसानें तरी आवरावा. चौपाटीच्या पलीकडे टेकडीवर वाळकेश्वर. येथें मात्र ‘वालुकेश्वर’ हें संस्कृत रूप व वाळूच्या लिंगाची स्थलकथा हीं दोन्ही परंपरेनें आलेलीं आहेत. एका टोकास वाळूचा ईश्वर, त्याच्या पायथ्याशीं चार पाट. किनाऱ्याचें मूळ स्वरूप या दोन शब्दांत सांपडतें. पुढें चौपाटी हें विशेषनाम सामान्यनाम झालें व जुहू, दादर येथील वाळवंटांसहि लोक चौपाटीच म्हणूं लागले. एका ठिकाणच्या चार पाटांचें नांव, पाट बुजल्यावर, सगळ्या किनाऱ्यांवर पसरलें. शब्दाच्या अर्थविस्ताराचा हा नमुना भाषाभ्यासकांनीं टिपून ठेवण्याजोगा आहे.

मध्यावर मरीन लाइन्स. कित्येक लेखक ‘मरीन ड्राइव्ह’ व ‘मरीन लाइन्स’ यांतील ‘मरीन’ शब्द एकच समजून एकावरून दुसरें निघालें असें लिहितात. तें बरोबर नाहीं. ‘लाइन्स’ म्हणजे पलटणीची छावणी. मरीन बटालियन नांवाच्या पलटणीच्या छावणीवरून तें नांव पडलें. ड्राइव्हमधील ‘मरीन’ म्हणजे नुसतें ‘समुद्रकांठचा’. शब्द एक, अर्थ दोन, आणि काळहि दोन. त्याच भागांत सोनापूर, म्हणजे हिंदूंची जुनी स्मशानभूमि. आजच्या मार्गाच्या उत्तरेकडील भागास पूर्वीं केनेडी सी फेस म्हणत. तो भाग सन १९२० च्या योजनेच्या आधींचा आहे. सरकारदप्तरीं आज सर्व मार्गाचें नांव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग असें आहे, व त्याच्या मागील जुन्या क्वीन्स रोडचें नांव महर्षि कर्वे मार्ग असें आहे. लोकांच्या तोंडीं मात्र मरीन ड्राइव्हच राहिलें.

राहिला ‘राणीचा कंठहार’. ही राणी म्हणजे व्हिक्टोरिया, व हें नांव तिच्या काळचें, असें सांगणारे लेखक थोडे नाहींत. व्हिक्टोरिया राणी सन १९०१ मध्यें वारली. ज्या वळणावरील दिव्यांस हार म्हणावयाचें तें वळण तिच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं समुद्रांतून वर काढूं लागले, व त्यावरचा मार्ग १९३० नंतरच्या दशकांत आकारास आला. तेव्हां हें नांव उपमा म्हणून गोड असेल. कालनिर्णयाचें साधन म्हणून तें निरुपयोगी आहे. सन २०१५ मध्यें तेथील पिवळे दिवे काढून पांढरे लावले, तेव्हां हार फिका पडला म्हणून पुष्कळ आरडाओरड झाली. दिव्यांच्या रंगाविषयीं जेवढी शाई खर्चिली गेली, तिचा दहावा हिस्सा त्या दिव्यांखालच्या जमिनीच्या इतिहासासाठीं खर्च झाला असता तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें.

४

प्रचलित वृत्तांतांतील मूळ दोष असा कीं, तो या मार्गास एका योजनेचें फळ मानतो. वस्तुतः तो दोन फसलेल्या योजनांचा शेष आहे.

पहिली योजना १८६० नंतरच्या दशकांतली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें, आणि त्या पैशाच्या जोरावर मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतच्या उपसागरांत भराव घालण्यासाठीं बॅक बे रेक्लमेशन कंपनी निघाली. पांच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांच्या घरांत गेला. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ हा दिवस मुंबईच्या व्यापारी इतिहासांत काळा दिवस म्हणून राहिला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या कुबेराचेंहि दिवाळें वाजलें, तेथें लहानांची काय कथा! सर दिनशा वाच्छा यांनीं हा प्रकार ऐन तारुण्यांत पाहिला होता व पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेवला. कंपनी बुडाली, तरी तिच्या निमित्तानें झालेल्या भरावाची एक पट्टी किनाऱ्यालगत राहिली. गिरगांव व समुद्र यांच्यामध्यें लोहमार्ग व रस्ता आले. गिरगांवकरांचा समुद्र त्यांच्यापासून दूर सरला तो प्रथम या वेळीं.

दुसरी योजना सन १९२० ची. सर जॉर्ज लॉइड हे डिसेंबर १९१८ मध्यें मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकीर्दींत डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट या नांवाचें विकासखातें निर्माण झालें व आठ खंडांत मिळून १,१४५ एकर जमीन समुद्रांतून काढण्याचें ठरलें. सर जॉर्ज ब्यूकॅनन या एंजिनियराच्या अंदाजावर भिस्त होती. समुद्रांत दगडी बांध घालावयाचा, बंदराच्या बाजूचा गाळ यंत्रानें उपसून नळांतून आणावयाचा, व बांधाच्या आंत सोडावयाचा, अशी ती रीति. पण उपसणाऱ्या यंत्राचें काम अंदाजाप्रमाणें होईना, टाकलेला गाळ बांधाच्या फटींतून पुन्हा समुद्रांत जाऊं लागला, आणि खर्चाचा आंकडा फुगत चालला. लोकांनीं योजनेस ‘लॉइडचें वेड’ असें नांव ठेवलें. खुर्शेद नरीमान यांनीं वृत्तपत्रांत व कायदेकौन्सिलांत हें प्रकरण धसास लावलें. त्यांच्यावर हार्वे या खात्यांतील अधिकाऱ्यानें अब्रुनुकसानीची फिर्याद केली, व तींतून ते निर्दोष सुटले. सन १९२६ मध्यें चौकशीसमिति बसली. अखेर आठांपैकीं चारच खंड, पहिला, दुसरा, सातवा व आठवा, पुरे करून काम आवरतें घेण्यांत आलें. हातीं आली ती सुमारें ४४० एकर जमीन; त्यांतील सुमारें २३५ एकर लष्करास गेली. उरलेल्या भागांत, चर्चगेटच्या बाजूस, आजचा मरीन ड्राइव्ह आला.

हा क्रम लक्षांत घेतला म्हणजे ‘इंग्रजांची देणगी’ हें विधान टिकत नाहीं. देणगी देणाऱ्याच्या पिशवींतून येते. ही योजना मुंबई इलाख्याच्या नांवावर काढलेल्या कर्जांतून चालली व तिचा तोटा इलाख्याच्या तिजोरीनें सोसला. जो मार्ग आज शहराचें भूषण म्हणून मिरवतो, तो मूळच्या आराखड्यापैकीं जेमतेम दोन-पंचमांश काम पदरांत पडल्यावर राहिलेला कांठ आहे. त्यानें त्याची शोभा कमी होत नाहीं. पण त्याचा अर्थ बदलतो. आणि नांवांचा न्याय तर विचित्रच. पहिल्या योजनेचा साक्षी जो वाच्छा, त्याचें नांव दुसऱ्या योजनेच्या जमिनीवरील एका रस्त्यास मिळालें. ज्या नरीमानांनीं भरावाच्या उधळपट्टीवर कोरडे ओढले, त्यांचें नांव मार्गाच्या दक्षिण टोकास, पुढें स्वातंत्र्योत्तर काळांत घातलेल्या भरावावरच, कोरलें गेलें. नरीमान पॉइंटवरील उंच कचेऱ्यांतून काम करणाऱ्यांपैकीं किती जणांस हें ठाऊक असेल?

५

अलीकडे एक चौथें विधानहि रूढ झालें आहे. तें असें कीं, हा सर्व मार्ग भागोजीशेठ कीर व पालनजी मिस्त्री यांनीं बांधला. भागोजीशेठांचें नांव महाराष्ट्रास परकें नाहीं. अस्पृश्यांसह सर्व हिंदूंस मोकळें असलेलें रत्नागिरीचें पतितपावन मंदिर त्यांनीं सन १९३१ मध्यें बांधविलें, एवढ्यानेंच ते वंदनीय आहेत. परंतु आदर एक आणि प्रमाण दुसरें. मार्गाचा उत्तर भाग सन १९२० पूर्वींचा, समुद्रांतील बांध विकासखात्याचा, बांधावरील मार्ग त्यानंतरचा. इतक्या निरनिराळ्या वेळीं झालेल्या कामांचा एकच कर्ता सांगणें कालदृष्ट्या असंभाव्य आहे. ठेकेदारानें नेमका कोणता भाग, कोणत्या कराराअन्वयें व कोणत्या साली केला, हें कागदानिशीं दाखविलें म्हणजे त्या थोर पुरुषाचा खरा गौरव होईल. मोघम विधानानें त्याची कीर्ति वाढत नाहीं; उलट एका बाजूनें तें अंधपणें स्वीकारलें जातें व दुसऱ्या बाजूनें तितक्याच अंधपणें थट्टेवारी नेलें जातें.

याच्या उलट उदाहरण गजानन बाबूराव म्हात्रे यांचें. मार्गावरील ‘सूना महल’ ही सन १९३७ ची इमारत त्यांच्या आराखड्याची. त्यांच्या कामाविषयीं कामू अय्यर यांनीं संपादिलेला स्वतंत्र ग्रंथ सन २००० मध्यें निघाला, व त्यामागें नकाशांचा व आराखड्यांचा आधार आहे. म्हणून म्हात्रे यांचें श्रेय आज निर्विवाद आहे. एका मराठी माणसाचें श्रेय कागद टिकले म्हणून टिकलें. दुसऱ्याचें कागद पुढें न आणल्यामुळें दंतकथेच्या पातळीवर राहिलें. संग्राहकांनीं यांतून घ्यावयाचा तो बोध घ्यावा.

६

आतां ज्या भागास आम्ही ‘गाळलेला मध्य’ म्हटलें त्याकडे येतों. आमच्या सर्व आक्षेपांत हा आक्षेप मुख्य आहे.

ज्या विकासखात्यानें बॅक बेचा बांध घातला, त्याच खात्यानें, त्याच वर्षांत, गिरणगांवांतील कामकऱ्यांसाठीं चाळी बांधल्या. खात्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यांस बीडीडी चाळी म्हणतात. वरळी येथें १२१, नायगांव येथें ४२, डिलाइल रोडवर ३२ व शिवडी येथें १२, मिळून २०७ इमारती. तळमजला व वर तीन मजले. बहुतेक खोल्या १६० चौरस फुटांच्या. एकंदर खोल्या सुमारें १६,५००. आरंभीं त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. सन १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळींत वरळीच्या कांहीं चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यांत आला. पुढें मात्र त्या भरल्या, व कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या लाखों माणसांचें मुंबईंतील पहिलें घर त्या झाल्या.

समुद्राकडचा मार्ग व गिरणगांवांतल्या चाळी या एकाच दप्तराच्या दोन शाखा आहेत. एका शाखेंत सरकारनें श्रीमंतांस विकण्याजोगी जमीन समुद्रांतून काढूं पाहिली. दुसरींत मजुरांस भाड्यानें देण्याजोगी खोली सिमेंटांत ओतली. पहिलीचा इतिहास छायाचित्रांच्या जाड ग्रंथांत गेला. दुसरीचा इतिहास, लिहिलाच गेला तर, कामगारप्रश्नाच्या सदराखालीं गेला. दोन्हींस एका पानावर आणणारा लेखक विरळा. एखाद्या पोथीचीं पानें दोन भावांनीं वांटून घ्यावींत, आणि पुढें प्रत्येकाच्या वंशजांनीं आपापला भाग संपूर्ण ग्रंथ म्हणून पूजावा, तसें हें झालें आहे.

याचप्रमाणें चौपाटीचा प्रकार. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक मुंबईस निवर्तले व त्यांच्या देहास नेहमींच्या स्मशानांत न नेतां चौपाटीच्या वाळूंत अग्नि देण्यांत आला. म्हणजे ज्या वर्षीं समुद्र हटविण्याची योजना सुरू झाली, त्याच वर्षीं त्याच उपसागराच्या उत्तर टोकास राष्ट्रानें आपल्या नेत्यास निरोप दिला. पुढें तेथें त्यांचा पुतळा उभा राहिला, आणि १९३० च्या चळवळींत तेंच वाळवंट सभांचें क्षेत्र झालें. प्रचलित वृत्तांतांत ही घटना ‘जवळचीं प्रेक्षणीय स्थळें’ या मथळ्याखालीं येते! किनारा कोणाचा, हा प्रश्न सरकारनें दगडी बांधानें सोडवूं पाहिला व लोकांनीं चितेच्या आणि सभेच्या जागेनें सोडविला. इतका सरळ विरोध डोळ्यांपुढें असतां इतिहासकारानें तो नजरेआड करावा हें नवल आहे.

७

गुणदोषविवेचनांत गुण सांगितलेच पाहिजेत. शारदा द्विवेदी व राहुल मेहरोत्रा यांनीं सन १९९५ च्या ‘बॉम्बे : द सिटीज विदिन’ या ग्रंथांत शहराच्या रचनेचा साक्षेपी परामर्श घेतला आहे. ज्ञान प्रकाश यांनीं सन २०१० च्या ‘मुंबई फेबल्स’ मध्यें बॅक बेची योजना व नरीमान-प्रकरण विस्तारानें मांडलें आहे. तें वाचल्यावर ‘देणगी’ची कल्पना मनांत उरूं नये. ३० जून २०१८ रोजीं युनेस्कोनें मुंबईंतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहास जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. त्यांत ९४ इमारती आहेत व मरीन ड्राइव्हवरील रांगहि आहे. ही मान्यता योग्यच आहे. त्या इमारतींचे गोलाकार सज्जे, जवळजवळ सारखी उंची व बहुतांशीं देशी मालक आणि देशी वास्तुशिल्पज्ञ, हा विषय स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे.

मात्र वारसा म्हणजे दर्शनी भिंत, अशी समजूत या मान्यतेमुळें दृढ होऊं पाहते. तिला आमचा विरोध आहे. सन २०२४ मध्यें मार्गाच्या उत्तर भागापासून चौपाटीखालून व मलबार टेकडीच्या पोटांतून सुमारें दोन किलोमीटरांचे जोड बोगदे वाहतुकीस खुले झाले, व सागरी किनारा मार्ग वरळीपर्यंत गेला. किनाऱ्यावर पुन्हा एकदां नवें लिखाण झालें. आणि त्याच सुमारास, सन २०२५ मध्यें, वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या कुटुंबांस जुन्या खोल्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत घरें मिळालीं. ज्यांस शंभर वर्षांनीं प्रशस्त घर मिळतें त्यांचा आनंद रास्त आहे. चाळी तशाच ठेवाव्या असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. पण घर बदलतांना माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली जाते. तिच्यांत काय असतें? भाड्याच्या पावत्यांचीं पुस्तकें. गांवकरी मंडळांचे वर्गणीचे व जमाखर्चाचे कीर्द-खतावणीवजा हिशेब. गांवाहून आलेलीं पत्रें, त्यांतील जुन्यांपैकीं कांहीं मोडींतहि. भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या. गिरणींतील हजेरीचीं तिकिटें. गणेशोत्सवाच्या छापील पत्रिका. नव्या घरांत पेटी जात नाहीं. ती रद्दीवाल्याकडे जाते.

मरीन ड्राइव्हच्या बाजूसहि हेंच. तेथील इमारतींचे मूळ नकाशे, पहिल्या भाडेकरूंशीं झालेले करार, बांधकामाचीं बिलें, इमारतींचीं जुनीं छायाचित्रें हीं घरोघरच्या कपाटांतून पिढी बदलली कीं नाहींशीं होतात. इमारतीस संरक्षण आहे, कागदास नाहीं. भिंतीवर हातोडा पडला तर दंड होतो. तिच्या जन्माचा दाखला जाळला तर कोणी विचारीत नाहीं.

८

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच. मरीन ड्राइव्हचा प्रचलित वृत्तांत पुन्हा लिहिला पाहिजे. आणि तो लिहितांना माडगांवकर व आचार्य-शिंगणे यांची तुलना, १८६५ व १९२६ या दोन अपयशांचा एकत्र विचार, आणि विकासखात्याच्या दोन्ही शाखांचें एकत्र वाचन, या तीन गोष्टी टाळतां येणार नाहींत. छापील साधनें उपलब्ध आहेत. चौकशीसमितीचा अहवालहि छापील आहे. जें छापील नाहीं तें मात्र आज आहे आणि उद्यां नसेल.

म्हणून हस्तलिखितांच्या संग्राहकांस विनंति. आपणांपैकीं ज्यांचे आप्त वरळी, नायगांव, डिलाइल रोड किंवा शिवडी येथील चाळींत राहतात, त्यांनीं या वर्षीं एक खेप तिकडे करावी. पेटी उघडण्यापूर्वीं तिच्यांतील कागदांचा क्रम मोडूं नये; गठ्ठा ज्या दोऱ्यानें बांधला असेल त्याच दोऱ्यासह घ्यावा; देणाराचें नांव, खोलीचा क्रमांक व मूळ गांव वेगळ्या चिठीवर लिहून आंत ठेवावें; आणि मालकाची राजीखुशी असल्यावांचून एक चिटोराहि उचलूं नये. देणारास मूळ कागद ठेवावयाचे असतील तर त्यांच्या प्रतिमा घेऊन ते परत करावे. पेशवेदप्तर वांचलें तें पूर्वीं कोणीं तरी तें जाळलें नाहीं म्हणून. सन १९२५ च्या पावतीसहि तेवढाच न्याय मिळावा, एवढी अपेक्षा करून हें परीक्षण पुरें करितों.